आधी काच की आधी गोळी

काच कापायच्या टेबलावर वर्तमानपत्रांची एकूण सव्वीस कात्रणं होती. अकरा काकांच्या बाजूची, तेरा विरुद्ध, आणि दोन अशी, की लिहिणाऱ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवला होता. काकूंनी त्यांचे तीन ढीग केले होते आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर जाड काचेचा एकेक तुकडा ठेवला होता. टेबलाभोवती खुर्च्या सहा. माणसंही सहा: काका, काकू, बाबा, आत्या, वकीलबाई आणि मिली. चहाचे कप पाचच होते, कारण काकांनी चहा सोडून सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. कप धरला की हात थरथरतो आणि लोक बघतात, म्हणून सोडला होता.

रविवारची दुपार होती, कारखाना बंद होता. उद्या कोर्टात दाराच्या काचेबद्दल मिलीची साक्ष होती.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच उरलं होतं. नऊ वर्षांची असताना तिनं एका गिऱ्हाइकाला, तुमची खिडकी तीन मिलीमीटर वाकडी आहे, असं ऐकवलं होतं. तेव्हापासून घरात ती मिलीमीटर आणि पुढे मिली. आता ती परगावी विद्यापीठात पदार्थांच्या ताकदीवर काम करत होती, म्हणजे वस्तू कधी आणि कशा मोडतात हे मोजत होती. काकू म्हणायच्या, एवढं शिकून शेवटी मोडतोडच.

"परत एकदा," वकीलबाई म्हणाल्या. "दार कसं होतं?"

"लाकडी चौकट, मध्ये एकच धुरकट काच, आठ मिलीमीटर जाडीची. साधी. कडक केलेली नाही."

"काचेच्या कारखान्याच्या दाराला साधी काच?"

"दिव्याखाली अंधार," आत्या म्हणाली. "आमच्या वडिलांनी जगाला मजबूत काच बसवली आणि घरच्या दाराला उरलेला तुकडा."

आत्या या टेबलाशी चौतीस वर्षांनी बसली होती. आजोबांनी कारखाना दोन्ही मुलांच्या हाती दिला, तेव्हा तिनं कटर खाली ठेवलं ते ठेवलंच. आजोबांच्या हाताखाली तयार झालेल्या तिघांत तिचा हात सगळ्यात सरळ होता, हे दोघे भाऊही मान्य करायचे, पण ती घरात नसताना. पुढे ती परिचारिका झाली. काकांना पोलिसांनी नेलं त्या दिवशी ती न बोलावता आली आणि जामीन मिळवून देणारी वकीलही तिनंच शोधली.

खटला सगळ्या गावाला तोंडपाठ होता. संध्याकाळची वेळ. कारखाना बंद झालेला, काका एकटेच पुढच्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या मापांची यादी करत होते. त्याआधी तीन महिन्यांत दोनदा चोरी झाली होती, म्हणून त्यांनी परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. दाराच्या धुरकट काचेमागे कुणाची तरी सावली आली, हात वर गेला. काकांनी एक गोळी झाडली. बाहेर कोसळलेला आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेलेला माणूस निघाला पॉलिशवाला. नऊ वर्षं याच कारखान्यात त्यानं काचांच्या कडा घासल्या होत्या आणि मागच्या वर्षी काकांशी वाजल्यावर काम सोडलं होतं. शेजारी काच उचलायचं अवजार पडलं होतं: ॲल्युमिनियमची मूठ आणि तिला दोन रबरी वाट्या. दाराच्या काचेत मध्यावर गोळीचं भोक आणि खाली कडीजवळ एक कोपरा फुटलेला.

काकांचा जबाब दोन वाक्यांचा होता. आधी त्यानं काच फोडली. मग मी गोळी झाडली.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. न्हाव्याच्या खुर्चीत, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत एकच प्रश्न: आधी काच की आधी गोळी? कोंबडी आणि अंड्याला त्या गावात कुणी विचारेना. दार फोडून येणाऱ्याला काय खुर्ची द्यायची, असं म्हणणारे होते. दार ठोठावायलाही आता चिलखत घालून जायचं का, असं विचारणारेही होते. दूरचित्रवाणीवर चार तज्ज्ञ एकाच वेळी बोलायचे. पॉलिशवाल्याची बायको रोज कोर्टात तिसऱ्या रांगेत बसून नवऱ्याला चोर म्हटलेलं ऐकत होती.

"कायदा एवढंच विचारतो," वकीलबाई म्हणाल्या, "की जीव वाचवायला गोळी झाडावी लागेल असं समोर काय घडलं होतं? काच फोडून हात आत आला असेल, तर आपल्याला उत्तर आहे. नुसती सावली दिसली असेल, तर नाही. आपली सगळी इमारत त्या फुटलेल्या कोपऱ्यावर उभी आहे. ती काच उद्या कोर्टात उभी करता आली असती, तर हजार शब्द वाचले असते."

"मग करा की," मिली म्हणाली. "पोलिसांकडे आहे ना?"

"पोलिसांकडे फक्त फोटो आहेत, तेही बाहेरून, धुरकट बाजूनं. तीन दिवसांनी त्यांनी जागा मोकळी केली, तेव्हा काच वितळवायला पाठवायच्या तुकड्यांत, भट्टीच्या पेटीत गेली. तुझ्या वडिलांचा जबाब आहे तसा."

"कशी जाईल? ती मी काढली. जागा मोकळी झाली त्या सकाळी. गाडी पकडायच्या आधी."

बाबांनी कप खाली ठेवला. "तू काढलीस?"

"चिकटपट्ट्या लावून काढली आणि मागच्या रॅकमध्ये उभी केली. पोलिसांसाठी म्हणून चिठ्ठीही लावली. मला वाटलं, ते घेऊन गेले."

"मी कामगाराला सांगितलं होतं, चौकटीत जे उरलंय ते पेटीत टाक म्हणून. तो म्हणाला, चौकट रिकामी आहे."

"रिकामीच होती. मी काढली होती."

तडा गेलेली काच चौकटीतून काढायची तर आधी तिच्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या मारायच्या, म्हणजे ती एकसंध निघते. या घरात हे मुलांना चालण्याबरोबर शिकवलं जायचं. आणि पट्ट्या मारलेली काच कुणी न विचारता टाकून देत नसे, कारण ती कुणाची तरी असते. त्या सकाळी मिलीचे डोळे सुजलेले होते, डोकं जागेवर नव्हतं. हातांनी मात्र त्यांचं काम केलं होतं.

ती उठून मागे गेली. मोठ्या आरशांच्या मागे काच तशीच उभी होती, वर बोटभर धूळ आणि तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

"अगं, देवच पावला म्हणायचं," काकू म्हणाल्या आणि कात्रणांचे ढीग घाईघाईनं बाजूला केले.

काकांनी एक टोक धरलं, मिलीनं दुसरं. दोघांनी काच दिव्याच्या टेबलावर ठेवली. हे टेबल वरून दुधी काचेचं, खाली दिवे असलेलं. काचेतले बुडबुडे आणि ओरखडे तपासायला. पट्ट्या धुरकट बाजूला होत्या, म्हणून ती बाजू खाली गेली आणि गुळगुळीत बाजू वर आली. मिलीनं दिवे लावले. मध्यावर गोळीचं भोक, त्यातून चहूकडे निघालेले तडे. खाली फुटलेला कोपरा, त्यातूनही निघालेले तडे. पट्ट्या मात्र खाकी, कापडी होत्या. त्यांच्यामुळे बराचसा भाग काळा दिसत होता.

"आता बघा," मिली वकीलबाईंना म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता. सहा महिने सगळे बोलत होते, आणि आता मोजता येईल असं काहीतरी समोर होतं. "कोर्टाला हे इतकं सोपं सांगता येईल. काचेला एक घाव बसला की तडे धावतात. दुसरा घाव बसला की त्याचेही धावतात. पण दुसऱ्याचा तडा पहिल्याच्या तड्यापाशी पोहोचला की तिथेच थांबतो. पुढे काच सलग नसते ना, ताण पलीकडे जातच नाही. आजोबा म्हणायचे, आधी आलेला तडा वाट देत नाही. म्हणजे काच आधी फुटली असेल, तर कोपऱ्याचे तडे सरळ गेलेले दिसतील आणि गोळीचे तडे त्यांच्यापाशी..."

तिचं बोट दोन पट्ट्यांच्या मधल्या उजेडाच्या चौकोनावर आलं होतं. कोपऱ्यातून वर आलेला एक तडा तिथे गोळीच्या तड्याला भेटत होता.

आणि तिथेच संपत होता.

मिलीनं बोट उचललं नाही. तिच्या डाव्या खांद्यामागे आत्या वाकली होती, समोर काका, त्यांच्याशेजारी काकू. बाबा खुर्चीवरून उठले नव्हते. त्या घरातल्या प्रत्येकाला काच वाचता येत होती. काकूंनाही, लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षातच शिकवलेली. बघायला जेमतेम दोन सेकंद लागले असतील. त्यानंतर कुणीच कुणाकडे बघेना.

"तडे त्यांच्यापाशी?" वकीलबाईंनी विचारलं.

वकीलबाईंनी एकेक चेहरा पाहिला, मग चष्मा काढून डबीत ठेवला. सावकाश, डबी बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत.

"मला एक फोन करायचाय. बाहेर गाडीत असेन, वीसेक मिनिटं." त्यांनी बॅग उचलली. "एक लक्षात ठेवा. तुम्ही मला सांगाल ते मला माहीत झालेलं असेल. आणि जे मला खोटं म्हणून माहीत आहे, ते मी कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही. मिली, उद्या शपथ तू घेणार आहेस. मी नाही."

दार बंद झालं. आता नव्या दाराला कडक केलेली काच होती.

"एका तड्यावरून काय ठरतं?" काकू म्हणाल्या. "एकच तर आहे."

"वहिनी, एकच दिसतोय," आत्या म्हणाली. "बाकीचे पट्ट्यांखाली आहेत."

"मग राहू देत पट्ट्यांखाली. सहा महिने भट्टीत गेली म्हणून सांगितलंय ना? मग आता जाऊ दे भट्टीत. वन्सं, तुमच्या भावाचा जीव आहे हा."

"माहीत आहे कुणाचा जीव आहे ते."

काका अजून काचेकडेच बघत होते. मिलीनं आयुष्यभर त्यांना काचेकडे बघताना पाहिलं होतं. एक डोळा किंचित मिटून, मान तिरकी करून. आत्ता दोन्ही डोळे उघडे होते. लपवलेलं सापडलं की माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तिनं तिथे शोधलं. ते नव्हतं. घरी येऊन आपलंच दार आतून बंद दिसावं, तसे ते उभे होते.

"हे असं कसं?" ते हळू आवाजात म्हणाले. "काच आधी फुटली होती."

"काका, तुम्ही फुटताना पाहिली?"

"पाहिली म्हणजे... सावली आली. हात वर गेला. आवाज झाला."

"कसला आवाज?"

"आवाज. मोठा." ते थांबले. "मग मी मागच्या खोलीत धावलो, फोन करायला, दवाखान्याची गाडी बोलवायला. पत्ता नीट सांगता येईना. परत आलो तेव्हा कोपरा फुटलेला होता, फरशीवर काचा होत्या. धाकटा दाराशी बसलेला होता. मी म्हटलं, बघ, काच फोडली त्यानं. धाकट्या, म्हटलं ना मी?"

बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते कळत नव्हतं.

"तुम्ही फोनपाशी किती वेळ होता?" मिलीनं विचारलं.

"दोन मिनिटं. तीन."

मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. आधी कुणी पाहिलं, ते मिलीला नंतर आठवून सांगता आलं नसतं.

"मी वर घरात होतो," बाबा म्हणाले. ते टेबलाशी बोलत होते. "गोळीचा आवाज ऐकून खाली आलो. दार बंद होतं, मध्ये भोक. उघडलं तर हा पडलेला. कारखान्यातला आपला माणूस. आतून दादाचा आवाज येत होता, फोनवर पत्ता सांगत होता, पुन्हा पुन्हा, चुकीचा पत्ता. मला एवढंच दिसलं की दादा गेला. नुसत्या सावलीवर कोण सोडतं? मग मी त्याच्या हातातलं ते काढून घेतलं. दार ओढून घेतलं आणि बाहेरून कोपऱ्यावर मारलं. बाहेरून, म्हणजे काचा आत पडतील."

"ते तुला बरोबर सुचलं," आत्या म्हणाली.

"सुचलं. हातांना सवय असते."

"त्याच्या हातातून काढून घेतलंस."

"हो."

"हात कसा होता? सैल?"

"ताई, मला आता..."

"मी तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मला सरळ सांग. सहज निघालं, की त्यानं धरून ठेवलं होतं?"

बाबांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं.

"धरून ठेवलं होतं," ते म्हणाले.

"म्हणजे तेव्हा तो जिवंत होता," म्हणत आत्या खाली बसली. खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसली, सुदैवानं होती.

काकू उभ्याच होत्या. "म्हणजे यांना माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, बाजारात वजन चुकलं की लागायचा तसा. "भावजी, हे सहा महिने शपथेवर बोलतायत. रात्री उठून बसतात आणि मला विचारतात, काच आधीच फुटली होती ना गं? मी सांगते, हो. मी रोज हो म्हणत आले. तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपत होतात."

"वहिनी, मी त्याच्यासाठीच केलं."

"ठाऊक आहे कुणासाठी केलंत. पण त्यांना खोटारडं करायच्या आधी एकदा विचारायचं तरी. गुन्हा केला असता तर तो त्यांचा तरी राहिला असता."

दहा मिनिटांपूर्वी ज्या काच भट्टीत घालायला निघाल्या होत्या, त्याच काकू आता काचेच्या आणि बाबांच्या मध्ये उभ्या होत्या. मिलीला ते दिसलं आणि तिला भीती वाटली. बाबांची बाजू घ्यायला आता खोलीत कुणी उरलं नव्हतं, ती सोडून.

"मी उद्या काय सांगू?" तिनं विचारलं. "बाबा, तुम्हीच सांगा. मला विचारतील, दाराची काच तुम्ही काढलीत का? मी हो म्हणेन. ती वाचता येते का? येते. मग?"

"तू वाचली नाहीस," बाबा म्हणाले. "पट्ट्या लावल्यास, उभी केलीस. तेवढंच सांग."

"वाचली ना आता."

"एक तडा वाचलास. एकावर तूच आम्हाला काही ठरवू देत नाहीस. एक माप म्हणजे माप नाही, असं म्हणणारी तूच. काच फुटताना वेड्यासारखी वागते. बाकीच्यांतला एखादा ओलांडून गेला असेल, तर?"

ते खरंच आशेनं बोलत होते. ज्यांनी स्वतःच्या हातानं काच फोडली होती, तेच. मिलीला वडिलांची इतकी दया आणि इतका राग एकाच वेळी कधी आला नव्हता.

"आणि आत टाकतील ते तुला," आत्या बाबांना म्हणाली. "दादाला टाकतील ते टाकतील, पण पुरावा बनवला म्हणून तुलाही. हे पोरीला तिच्या तोंडानं सांगायला लावणार आहोत आपण. मला पॉलिशवाल्याच्या बायकोकडे बघवत नाही कोर्टात, पण हेही बघवणार नाही."

"मला तिचं काही विचारू नका," काकू म्हणाल्या. "ती रोज माझ्याकडे बघते."

"तो काय करायला आला होता?" मिलीनं विचारलं. हा प्रश्न सहा महिन्यांत घरात कुणी विचारला नव्हता. बाहेर सगळ्यांनी विचारला होता.

काकांनी उत्तर दिलं. "ते अवजार आपलं होतं. जाताना रागानं घेऊन गेला होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आपलं आहे ते, मुठीवर आबांची, तुझ्या आजोबांची, खूण आहे. मी म्हणायचो, बघा, चोरीचंच अवजार घेऊन चोरी करायला आला. परत द्यायला आला असेल असं मनात आलं, की मी फुटलेला कोपरा आठवायचो." त्यांनी कोपऱ्यावर हात ठेवला, जपून, तुटक्या कडेला न लागेल असा. "मग बरं वाटायचं."

मग त्यांनी कोपऱ्यावरून हात काढला.

"धाकट्या, ऊठ," काका म्हणाले. "गोळी माझी आहे. त्या दिवशी मला वाचवायला तू काच फोडलीस. आता तुला वाचवायला पोरीला फोडायची का? पट्ट्या काढू. सगळे मोजू. एखादा ओलांडून गेला असेल, तर तोही लिहू. गेला नसेल, तर मी आत्ता बाहेर जाऊन वकीलबाईंना सांगतो, आणि उद्या पोरीच्या आधी मी बोलतो."

"आणि माझं काय सांगणार?"

"तुझं तू सांग. मी तुझ्या वतीनं बोलणार नाही. तू माझ्या वतीनं बोललास, त्याचं काय झालं ते बघ."

बाबा उठले. अशी काच पट्ट्या काढताना सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून धरावी लागते, आणि धरणाऱ्या दोघांचे हात एकमेकांचे माहितीतले असावे लागतात. काच उलटी केली. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले, चाळीस वर्षं उभे राहात आले तसे. काकांचा हात थरथरत होता. बाबांनी आपला पंजा किंचित सरकवून त्याच्या कडेला टेकवला. थरथर काचेपर्यंत गेली नाही.

आत्यानं बाह्या वर केल्या. पट्टीचं टोक नखानं उचलून ती अगदी चपटी, काचेला समांतर ओढत गेली. चौतीस वर्षांनीही एक कपचा उडाला नाही. काकूंनी निघालेली प्रत्येक पट्टी हातात घेतली, कारण तिला काचेची बारीक भुकटी चिकटलेली होती. सहा पट्ट्या निघाल्या. मग सगळ्यांनी मिळून काच परत उलटून गुळगुळीत बाजू वर घेतली, आणि खालून उजेड पूर्ण वर आला.

मिलीनं भिंग घेतलं, पोलादी पट्टी घेतली, मापांच्या वहीतला एक कोरा कागद घेतला. ती एकेका तड्यावरून मुळापासून टोकापर्यंत गेली. प्रत्येक तडा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा उलट्या दिशेनं, म्हणजे आधीचं उत्तर डोळ्यांसमोर राहू नये. मध्ये एकदा तिला थांबावं लागलं, भिंगावर पाणी आलं होतं म्हणून. काकूंनी पदरानं भिंग पुसून परत दिलं. बाबा वरून बघत होते आणि तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते.

वकीलबाई दाराशी आल्या तेव्हा काका सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "वाच."

मिलीनं वाचलं.

गोळीच्या भोकातून निघालेले तडे: नऊ. कोपऱ्याच्या घावातून निघालेले तडे: सात. त्यांपैकी चौकटीच्या कडेला संपलेले: दोन. गोळीच्या तड्यांपाशी येऊन थांबलेले: पाच. ओलांडून गेलेले: शून्य.